गावानं चालवलेला दवाखाना: पहिल्या बैठकीपासून दुसऱ्या वर्षापर्यंत

गावात दवाखाना हवा असं ठरलं की पहिली चर्चा जागेची होते. जमीन कोण देणार, छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, पाटीवर कुणाचं नाव. ही चर्चा वर्षभर सहज पुरते आणि तोवर तापानं फणफणलेल्या एकाही माणसाला गोळी मिळालेली नसते. मी अशी दोन कामं जवळून पाहिली. एक नव्याकोऱ्या इमारतीसकट बंद पडलं, कारण किल्ली एकाच्याच खिशात होती आणि तो माणूस कामासाठी शहरात निघून गेला. दुसरं एका पडवीत सुरू झालं, ते अजून चालू आहे. म्हणून या लेखातला क्रम जरा उलटा वाटेल. इमारत बरीच मागून येते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दार उघडतं की नाही, यावर लोक दवाखान्याची पारख करतात. पुढचं सगळं त्या दारासाठी.

आधी गाव मोजा

एक मोठा कागद घ्या. गावात फिरून प्रत्येक घर त्यावर मांडा, लांबच्या वस्त्या आणि शेतातली एकटी घरंसुद्धा. प्रत्येक घरात गरोदर बाई आहे का, पाच वर्षांखालची मुलं किती, बीपी, शुगर, फिट्स किंवा टीबीची रोजची औषधं कुणाला चालू आहेत, हे विचारा. दोन-तीन जणांनी आठवडाभर संध्याकाळी वेळ काढला तर लहान गाव पूर्ण होतं.

गेल्या वर्षभरात घरात कुणी गेलं का, हा प्रश्न मात्र उभ्याउभ्या विचारायचा नाही. बसा, वेळ द्या. ‘ताप आला आणि गेलं’ एवढंच पहिलं उत्तर मिळतं. मग हळूच चार गोष्टी विचारा: आजारपण किती दिवसांचं होतं, आधी कुणाला दाखवलं, घरातून कधी निघालात, दवाखान्यात पोचून डॉक्टरनं हात लावायला किती वेळ गेला. या चार उत्तरांत उशीर कुठे झाला ते उघड होतं. घरात निर्णय व्हायला उशीर, वाटेत उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर, असे त्याचे तीन प्रकार सार्वजनिक आरोग्यात मानतात. तुमच्या गावात कुठला उशीर माणसं नेतो, त्यावर दवाखान्याचं पहिलं काम ठरतं. वाटेतल्या उशिरानं बाळंतिणी जात असतील, तर औषधांच्या कपाटाआधी रात्री हमखास निघणारी गाडी ठरवावी लागेल.

अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका. दिवसा किती वेळ, रात्री किती वेळ, ओढ्याला पाणी असताना किती वेळ, असे तीन आकडे लिहा.

थोडं गणितही करा. गावची लोकसंख्या हजार आणि जन्मदर हजारी २० धरला, तर वर्षाला साधारण २० बाळंतपणं होतात. महिन्याला दोन सुद्धा नाहीत. एवढ्यावर सुईणीचा वा नर्सचा हात चालता राहत नाही आणि रक्त चढवायची सोय तर गावात होणारच नाही. म्हणून सुरुवातीलाच प्रसूतीची खोली बांधायचा मोह टाळा. गरोदरपणातली तपासणी गावात आणि बाळंतपण सोय असलेल्या ठिकाणी, हा सौदा बहुतेक लहान गावांना परवडतो.

समिती, आणि किल्ली कुणाकडे

नऊ ते अकरा जण पुरेत. निम्म्या तरी बायका हव्यात, कारण मुलांचं आजारपण आणि बाळंतपण त्याच निभावतात. एका घरातले दोघं नकोत. लांबच्या वस्तीतला एक जण हवाच, आणि जे घर गावात सगळ्यात कमी बोलतं त्यातला एक. गावचा वजनदार माणूस समितीत असला तर दारं उघडतात हे खरं, पण त्याला खजिनदार करू नका. त्याला हिशोब विचारायला कुणी धजत नाही.

पहिल्याच बैठकीत चार गोष्टी कागदावर उतरवा: किल्ल्या किती आणि कुणाकडे, बँकेच्या खात्यावर कोणत्या दोघांच्या सह्या, किती जण हजर असले की निर्णय पक्का, आणि सभासद किती वर्षांनी बदलायचे. दर तीन महिन्यांनी हिशोब सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. भिंतीवर कागद चिकटवून भागत नाही, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो ऐकू आला पाहिजे.

सरकारी नियम देशागणिक वेगळे आहेत, पण तीन प्रश्न सगळीकडे सारखे: दवाखान्याची नोंदणी कुठे करायची, डॉक्टर नसताना गावातल्या आरोग्य कार्यकर्तीनं कोणती औषधं द्यायला परवानगी आहे, आणि सुया-पट्ट्यांचा कचरा कुठे द्यायचा. ही उत्तरं लेखी घ्या. त्याच फेरीत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राशी बोलून घ्या. लसी आणि टीबीची औषधं बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत येतात. ती तुम्ही विकत घ्यायची गरज नाही, त्यांच्या फेरीसाठी जागा आणि यादी तयार ठेवली की झालं.

काय करायचं, काय नाही करायचं

दारावर दोन यादी लावा. पहिलीत इथे काय मिळेल: ताप, जुलाब, खोकला, जखमा, खरूज यांवर उपचार, गरोदर बायकांची तपासणी, मुलांची वजनं, बीपी-शुगरची तपासणी आणि डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर. दुसरीत काय मिळणार नाही. या दुसऱ्या यादीवर भांडणं होतील, विशेषतः सलाईन आणि सुईवरून. ‘सुई टोचली नाही म्हणजे तपासलंच नाही’ हा समज पक्का आहे, आणि शेजारच्या गावात कुणीतरी हौसेनं सलाईन लावत असतो. तुम्ही एकदा लावलंत की पुढे नाही म्हणता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी दवाखान्यात सलाईनची बाटली ठेवूच नये. जुलाब झालेल्या, पण पिऊ शकणाऱ्या माणसाला ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायची साखर-मिठाची पूड, पुरतं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं द्रावण पाजून हजारोंचे प्राण वाचवले. तेही मोठ्या प्रमाणावर पाजलं घरच्यांनीच. हा किस्सा सुईच्या हट्टाला बसलेल्या माणसाला सांगून पाहा. निदान तो ऐकून घेतो.

माणसं कशी निवडायची

डॉक्टर आठवड्यातून एकदा येईल, कदाचित महिन्यातून एकदा. दवाखाना रोज चालवणारी माणसं गावातलीच लागतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामात गावातल्या प्रशिक्षित बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. ते निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तेव्हा ‘शिकलेली पोरगी मिळत नाही’ म्हणून थांबू नका. शिकलेली तरुण मुलगी बहुधा लवकरच गाव सोडते. जिचं घर-शेत इथे आहे, जिच्याकडे बायका आधीपासून मन मोकळं करतात, आणि जी ऐकलेलं पोटात ठेवते, ती निवडा. एक नको, दोघी. एकीला ताप आला म्हणून दार बंद, असं दोनदा झालं की लोक तिसऱ्यांदा येत नाहीत.

मानधन पहिल्या दिवसापासून द्या, थोडं असलं तरी. फुकटची सेवा सहा महिने टिकते, मग शेतीचा हंगाम येतो.

प्रशिक्षण एकदम महिनाभर देऊन मोकळं होण्यापेक्षा आठवड्याला एक दिवस, वर्षभर, असं ठेवा. मधल्या दिवसांत जे पाहिलं ते घेऊन ती पुढच्या वेळी येते आणि शिकवणं खऱ्या पेशंटभोवती फिरतं.

एकच कौशल्य नीट सांगतो: खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजणं. मूल आईच्या मांडीवर शांत हवं, रडत असेल तर थांबायचं. सदरा वर करून छाती-पोट दिसू द्यायचं. सेकंदकाट्याचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास असले तर तो वेगवान श्वास, न्यूमोनियाची खूण. मोजणी दहाच्या पुढे चुकत असेल तर दोऱ्यात मणी ओवून द्या आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायला सांगा. दोन महिन्यांखालचं असं बाळ मात्र गावात ठेवायचं नाही, लगेच पुढे पाठवायचं.

जागा आणि हत्यारं

दोन खोल्या पुरतात. एकीत नोंद आणि औषधं, दुसरीत तपासणी. मधे पडदा लावून काम भागत नाही: पडदा दिसणं थांबवतो, ऐकू येणं नाही, आणि पांढरं जाण्याबद्दल बाई शेजारणीला ऐकू येईल अशा आवाजात बोलणार नाही. समोरासमोर खिडक्या हव्यात. टीबीचे जंतू कोंदट हवेत रेंगाळतात, म्हणून पेशंटनं थांबायची जागा बाहेर, सावलीत. फरशी धुता येईल अशी, हात धुवायला साबण-पाणी, आणि संडास. शेवटचा लोक विसरतात.

हत्यारांची यादी छोटी आहे. दंडाला लावायचं बीपी मशीन आणि त्याचे दोन मापांचे पट्टे, थर्मामीटर, मोठ्यांचा आणि बाळांचा वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, दंडघेर पट्टी, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, शुगर मोजायचं यंत्र, स्टेथोस्कोप, टॉर्च. बारीक पट्टा जाड दंडाला ओढून लावला तर बीपी खोटं जास्त दिसतं, आणि चालत आलेल्या माणसाला पाच मिनिटं बसू न देता मोजलं तरीही. दंडघेर पट्टीनं सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. ते मूल त्याच आठवड्यात डॉक्टरसमोर गेलं पाहिजे. शुगरचं यंत्र घेण्याआधी त्याच्या पट्ट्या पुढची दोन वर्षं नक्की कुठून मिळतील ते विचारा. यंत्रं दान मिळतात, पट्ट्या मिळत नाहीत.

जखमा शिवायचं सामान ठेवणार असाल तर प्रेशरचं निर्जंतुकीकरण यंत्र घ्या: १२१ अंश सेल्सिअसला मोकळी हत्यारं २० मिनिटं, कापडात गुंडाळलेली ३०. पातेल्यात उकळल्यानं सगळे जंतू मरत नाहीत.

औषधांचं कपाट

इथे बहुतेक दवाखाने फसतात. आम्हीही फसलो. सुरुवातीला काही दानशूर मंडळींनी खोकीच्या खोकी औषधं दिली. उघडून पाहतो तर निम्म्यांची मुदत तीन-चार महिन्यांत संपणारी, काही पाकिटांवरची भाषा कुणालाच वाचता येत नव्हती, आणि ओआरएस एकही नाही. ती औषधं नियमानुसार नष्ट करायला आम्हाला जेवढी धावपळ करावी लागली, तेवढ्यात चार वस्त्यांच्या फेऱ्या झाल्या असत्या. दान पोचताना औषधाची मुदत किमान एक वर्ष बाकी असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. हे दात्याला आधीच लिहून कळवा, आणि सोबत आपली यादी द्या.

यादी वीस-पंचवीस औषधांची ठेवा, जेनेरिक नावानं, म्हणजे कंपनीच्या नव्हे, मूळ औषधाच्या नावानं. जागतिक आरोग्य संघटना १९७७ पासून अत्यावश्यक औषधांची यादी काढते आणि दर दोन वर्षांनी सुधारते. तुमच्या देशाची स्वतःचीही अशी यादी बहुधा असेल. तिच्यातून डॉक्टरबरोबर बसून निवडा: पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, लोह-फॉलिक ॲसिड, जंताची गोळी, खरजेचं मलम, जखमेचं औषध, मुलांच्या न्यूमोनियासाठी ॲमॉक्सिसिलिन, बीपी-शुगरच्या दोन-तीन गोळ्या. प्रत्येकापुढे कुणाला, किती, किती दिवस आणि कधी द्यायचं नाही, हे डॉक्टरच्या सहीनं लिहून घ्या.

किती मागवायचं? ओआरएसची महिन्याला ४० पाकिटं लागतात आणि मागणी नोंदवल्यापासून माल यायला दोन महिने लागतात, असं धरा. दोन महिन्यांची ८० आणि अडीअडचणीसाठी एका महिन्याची ४०, म्हणजे साठा १२० वर आला की त्याच दिवशी मागणी करायची. हा आकडा प्रत्येक औषधाच्या साठा-कार्डावर लाल शाईनं लिहून ठेवा. जुलाबाचा हंगाम तोंडावर असेल तर तो वाढवा. खोकी मुदतीप्रमाणे लावा, आधी संपणारी पुढे. कपाट पत्र्याच्या छताखाली, उन्हाच्या भिंतीला लावून ठेवू नका.

लसी साठवायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. त्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहाव्या लागतात, आणि गोठल्या तरी काही लसी निकामी होतात हे पुष्कळांना माहीत नसतं. लसीची पेटी फेरीसोबत येऊ द्या.

आता पुन्हा ओआरएस, कारण पाकीट देणं आणि ते बरोबर बनणं यात फार अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. घरी लोक चिमूटभर पूड पेल्यात टाकतात, उरलेलं दुमडून फळीवर. द्रावण फार खारट झालं तर बाळाला अपाय होतो, फार पातळ झालं तर उपयोग नाही. म्हणून आईनं दवाखान्यात तुमच्यासमोर ते बनवायचं. तिच्या घरातलं भांडं आणायला सांगा, त्यात एक लिटर मापून ओता, पाणी जिथवर आलं तिथे खिळ्यानं ओरखडा काढा. एवढा ओरखडा आमच्याकडे कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडला. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २००, चमच्यानं किंवा घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. सोबत झिंक १० ते १४ दिवस: रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आई गोळी बंद करते, म्हणून सगळ्या दिवसांच्या गोळ्या आधीच हातात द्या आणि त्या पुडीवर दिवसागणिक रेघा मारून द्या.

पुढे पाठवणं

मूल पाणी किंवा अंगावरचं दूध पीत नाही, पोटात काहीच ठरत नाही, झटके आले, सुस्त पडलं आहे किंवा शुद्ध नाही. गरोदर बाईला रक्तस्राव, झटके, असह्य डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही दिसलं की तपासण्या वाढवत बसायचं नाही, गाडी बोलवायची. गाडीवाले तीन ठरवा, एकावर भिस्त नको. भाडं आधी ठरवून समितीच्या वेगळ्या डब्यात तेवढे पैसे कायम ठेवा, म्हणजे मध्यरात्री उसनवारी करत फिरावं लागत नाही.

पुढे पाठवताना पेशंटबरोबर द्यायच्या चिठ्ठीचे दोन भाग करा. वरच्यात काय दिसलं, काय दिलं, किती वाजता. खालचा भाग मोठ्या दवाखान्यानं भरून पेशंटबरोबर परत पाठवायचा. सुरुवातीला तो कोराच येतो. तिथल्या सिस्टरला किंवा डॉक्टरला एकदा जाऊन भेटलं, चिठ्ठी समजावून सांगितली, की भरून यायला लागतो.

पैसा

उभारणीसाठी पैसे मिळवणं सोपं असतं. दाता फ्रिज देतो, खोली देतो, त्यावर नाव लागतं. मानधन आणि गोळ्यांवर नाव लागत नाही. म्हणून दर महिन्याचा खर्च आधी मांडा आणि निदान वर्षभराची सोय झाल्याशिवाय उद्घाटन करू नका. घरटी वर्षाची वर्गणी, तपासणीची लहानशी फी आणि बाहेरची मदत, असं तिन्ही मिळून चालतं. १९८७ च्या बमाको उपक्रमात आफ्रिकेतल्या अनेक देशांनी औषधांच्या विक्रीतून गावची केंद्रं चालवायचं ठरवलं. औषधं मिळू लागली, पण फी पडली की सगळ्यात गरीब माणूस आधी गळतो, हाही धडा तिथूनच मिळाला. कुणाला फी माफ ते समितीनं आधीच, शांतपणे ठरवून ठेवावं. दारात उभ्या बाईला ‘तू गरीब आहेस का’ असं विचारायची वेळ येऊ नये. कार्यकर्तीचं उत्पन्न मात्र औषधांच्या खपावर कधीही बांधू नका. गोळ्या वाढत जातात.

कचरा आणि वह्या

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, त्यात बऱ्याच टोचण्या होतात. सुई थेट, भोक न पडणाऱ्या जाड डब्यात टाकायची. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद.

वह्या तीन: रोजची नोंद, औषधांचा साठा, आणि कुटुंबवार फाईल. आणखी वाढवल्यात तर कार्यकर्ती लिहीतच बसेल. मासिक बैठकीत पाचच आकडे काढा: किती आले, किती पुढे पाठवले, त्यातले किती खरोखर पोचले, कोणती औषधं संपली, दार किती दिवस बंद राहिलं. कुटुंबाच्या फाईली कुलपात, आणि समितीच्या सभासदालाही त्या वाचायला मिळत नाहीत, हे पहिल्या बैठकीतच बजावून सांगा. नाहीतर सासू सुनेची फाईल मागायला येतेच.

पहिले महिने

आठवड्यातून दोन दिवस, तीन तास, एवढ्यावर सुरू करा. पहिला महिना गर्दी असते, बरेच जण नुसतं पाहायला येतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ओसरते आणि कार्यकर्त्या खचतात. त्या दिवसांत कुणी आलं नाही तरी वेळ संपेपर्यंत दार उघडंच ठेवायचं. मोकळ्या वेळात एकीनं बसायचं आणि दुसरीनं नकाशा घेऊन गरोदर बायकांच्या आणि बीपीच्या पेशंटांच्या घरी जायचं. बीपीच्या गोळ्या बरं वाटलं की लोक सोडतात. त्या घरातल्या दोन फेऱ्या दवाखान्यातल्या दहा तपासण्यांच्या तोडीच्या ठरतात.

वर्ष झालं की तोच नकाशा नव्या कागदावर पुन्हा काढा, जमेल तर त्याच माणसांना घेऊन. नवी घरं, नवी बाळं, आणि पुन्हा त्या घरांत बसून तेच चार प्रश्न. उशीर कुठला कमी झाला आणि कुठला तसाच राहिला ते दोन कागद शेजारी ठेवले की दिसतं. इमारतीचा विषय त्या बैठकीत घ्या. तोवर तिसरी खोली खरंच हवी आहे की नुसता व्हरांडा वाढवून भागेल, हे कार्यकर्त्यांना नेमकं माहीत असतं.